सपाट तळव्यांची काळजी फार, लंगडण्याकडे दुर्लक्ष: मुलांच्या पावलांविषयी

आंघोळ करून मूल ओल्या पायांनी लादीवर येतं, मागे ठसे उमटतात आणि आजीच्या लक्षात येतं की ठशाला मधली खोबण नाहीच, अख्खा तळवा उमटलाय. मग घरात सुरू होतं: तळवे सपाट आहेत, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, खास बूट घ्या. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर नऊ वर्षांचा मुलगा महिनाभर एक टाच उचलून चालतोय आणि सगळे म्हणतात, खेळून दमला असेल. मुलांच्या पावलांबाबत ही उलटापालट नेहमी होते. डोळ्यांना खटकणारं बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं आणि जे खरंच तपासायला हवं ते दिसायला अगदी साधं असतं.

म्हणून कुठलीही शंका आली की आधी चार गोष्टी पाहाव्यात. दुखतंय का? एकाच पावलाला आहे का? पाऊल हातात धरून हळूच हलवलं तर ताठ लागतं का? आणि पूर्वी नव्हतं ते आता झालंय किंवा वाढत चाललंय का? चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर घाई नाही, पुढच्या लसीकरणाला जाल तेव्हा विचारलं तरी चालेल. एक जरी ‘हो’ आलं तरी दाखवून घ्या. खालचं सगळं या चार प्रश्नांचाच विस्तार आहे.

ठशातून हरवलेली कमान

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या तळव्याखाली चरबीची गादी असते आणि सांध्यांभोवतीचे बंध सैल असतात. उभं राहिलं की पाऊल पसरतं, कमान दिसत नाही. दोन-तीन वर्षांच्या जवळपास सगळ्याच मुलांचे तळवे सपाट असतात. कमान हळूहळू, साधारण सहा ते आठ वर्षांपर्यंत घडत जाते. काहींची पुढेही कमीच राहते, आणि ती माणसं आयुष्यभर न दुखता चालतात, धावतात, लोकलला लटकतात.

घरी पाहण्याची रीत सोपी आहे. मुलाला भिंतीला हात टेकवून चवड्यावर उभं करा आणि मागून बघा. टाचा उचलल्या की आतल्या बाजूला कमान उमटली आणि टाच किंचित आत वळली, तर तो लवचीक सपाट तळवा. चवड्यावर उभं राहता येत नसेल तर मूल सरळ उभं असताना त्याचा अंगठा वर उचला, तरीही कमान वर येते. ती आली आणि दुखत नसेल तर उपचार लागत नाही. चवड्यावर उभं राहूनही तळवा सपाटच राहिला, पाऊल ताठ वाटलं, तर आत दोन हाडं एकमेकांना जोडलेली असू शकतात. त्याचा त्रास बहुतेकदा आठ-बारा वर्षांच्या वयात सुरू होतो: घोट्याखाली दुखणं, खडबडीत जमिनीवर चालताना अडखळणं, घोटा पुन्हा पुन्हा मुरगळणं. इथे एक्स-रे आणि हाडांचे डॉक्टर हवेतच.

आता खास बुटांबद्दल. १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लवचीक सपाट तळव्यांच्या १ ते ६ वर्षांच्या मुलांना गटागटांत वाटलं होतं. काहींना खास बूट, काहींना बुटात घालायचे साचे, काहींना काहीच नाही. तीन वर्षांनंतर गटांमध्ये फरक दिसला नाही. कमान सगळ्यांचीच सुधारली होती, कारण ती वयानेच सुधारते. आपल्याकडचाही एक अभ्यास आहे. कर्नाटकातल्या डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांच्या तळव्यांचे ठसे घेतले, तो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पायात काही न घालणाऱ्या मुलांत सपाट तळवे २.८ टक्के होते, बूट-चपला घालणाऱ्यांत ८.६ टक्के. याचा अर्थ मुलाला अनवाणी रस्त्यावर सोडा असा नाही, मुंबईच्या रस्त्यावर तर नकोच. पण घरात, गॅलरीत, समुद्राच्या स्वच्छ वाळूत अनवाणी चालू द्या. चालायला शिकणाऱ्या बाळाला घरात बूट घालून चालवण्याची गरज नाही. तळव्याला जमीन कळली की पावलाचे छोटे स्नायू काम करतात.

लवचीक तळवा असून चालल्यावर दुखत असेल तर मात्र बुटात घालायचा साधा मऊ आधार आणि पोटरीचे ताण देणारे व्यायाम उपयोगी पडतात. दुखणं कमी करायला त्यांचा उपयोग आहे, कमान घडवायला नाही. हजारो रुपयांचे साचे दर सहा महिन्यांनी बदलून घ्यायला कुणी सांगत असेल आणि मुलाला काहीच दुखत नसेल, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आत वळणारी पावलं, चवड्यावरची चाल

मूल चालताना पावलं आत वळवतं आणि धावताना स्वतःच्याच पायात अडकून पडतं, ही दुसरी मोठी तक्रार. वळण कुठे आहे ते वयावरून बरंचसं कळतं. पहिल्या वर्षात पावलाचा पुढचा भागच आत वाकलेला असतो, आईच्या पोटात दुमडून राहिल्यामुळे. एक ते तीन वर्षांत नडगीचं हाड आतल्या बाजूला पिळलेलं असतं. तीन ते आठ वर्षांत मांडीच्या हाडाला पीळ असतो. अशा मुलाचे गुडघेही आत बघत असतात आणि जमिनीवर बसताना ते पाय मागे दोन्ही बाजूंना पसरून, नितंब मधे टेकवून बसतं. तिन्ही प्रकार बहुतेक मुलांत आपोआप सुटतात, शेवटचा प्रकार दहाव्या वर्षापर्यंतही वेळ घेतो. डावा बूट उजव्या आणि उजवा डाव्या पायात घालणं, बूट पट्टीने बांधून झोपवणं, दिवसभर ‘नीट चाल’ म्हणून टोकणं, यातलं काहीही हाड फिरवत नाही. मांडी घालून बसायला सांगायला हरकत नाही, पण सक्तीने काही साधत नाही. एकच पाय आत वळत असेल, किंवा दोन वर्षांनंतर पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले राहिले असतील, तर डॉक्टरांकडे जा. धनुष्यासारख्या पायांबरोबर मनगटं रुंद दिसत असतील तर ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होणारा मुडदूस असू शकतो. मुंबईत ऊन भरपूर असलं तरी मुलं दिवसभर चार भिंतींत असतात, हे विसरू नका.

टाच न टेकवता चवड्यावर चालणं चालायला लागल्यापासून काही महिने, कधी दोन-तीन वर्षांचं होईपर्यंतही दिसतं. सांगितल्यावर टाच टेकवता येते का हे महत्त्वाचं. तीन वर्षांनंतरही चालू राहिलं, एकाच पायाने होत असेल, आधी नीट चालणारं मूल नंतर चवड्यावर चालू लागलं असेल, बोलणं उशिरा आलं असेल किंवा नजरेला नजर देत नसेल, तर मुलांच्या डॉक्टरांनी मेंदू आणि स्नायू दोन्ही अंगांनी तपासायला हवं. मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकवत वर चढत असेल आणि पोटऱ्या फुगीर दिसत असतील, तर वाट पाहू नका. ही स्नायूंच्या आजाराची खूण असू शकते.

जन्मतःच वाकलेलं पाऊल

इथे मात्र एकेक आठवडा मोलाचा. क्लबफूट म्हणजे जन्मतःच पाऊल आत आणि खाली वळलेलं, टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे बघणारा. साधारण हजार जन्मांमागे एक बाळ असं असतं, मुलींपेक्षा मुलगे जवळपास दुप्पट, आणि निम्म्या बाळांत दोन्ही पावलं अशी असतात. ग्रहण पाहिल्यामुळे किंवा आईने काही उचलल्यामुळे हे होत नाही. आईला कुणी तसं बोलत असेल तर घरातल्या मोठ्यांनी ते तिथल्या तिथे थांबवावं.

फरक कसा ओळखायचा? नुसतं दुमडलेलं पाऊल हाताच्या हलक्या दाबाने सरळ होतं आणि पावलाची वरची बाजू नडगीपर्यंत नेता येते. क्लबफूट तसं सरळ होत नाही, टाच खाली येतच नाही. आणि इथेच मालिशवाल्या मावशींचा प्रश्न येतो. नुसतं दुमडलेलं पाऊल काही आठवड्यांत आपोआप सरळ होतं आणि श्रेय मालिशला मिळतं. मग पुढच्या घरात खरं क्लबफूट असलेल्या बाळालाही ‘रोज तेल लावून ओढा, सरळ होईल’ असा सल्ला मिळतो. तो ऐकून महिने जातात आणि बाळाचं पाऊल आणखी ताठ होत जातं. मालिश जरूर करा, पण पाऊल पिळू नका.

उपचाराची पद्धत अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले डॉ. इग्नासिओ पोनसेटी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात बसवली आणि आज ती जगभर वापरतात. जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरुवात करतात. डॉक्टर पाऊल हाताने थोडं वळवतात आणि बोटांपासून मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात ठेवून प्लास्टर घालतात. दर आठवड्याला काढून, आणखी थोडं वळवून नवं घालतात. साधारण पाच-सहा प्लास्टरं होतात. त्यानंतर बहुतेक बाळांत टाचेमागची ताणलेली शीर बारीक छेद देऊन सैल करावी लागते. सांगायला भीतिदायक वाटतं, पण बहुतेक ठिकाणी जागा बधिर करून, टाक्याशिवाय होणारं हे काम आहे. वर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर, तेवढ्यात ती शीर पुन्हा भरून येते.

प्लास्टर घातल्यावर घरी बाळाची बोटं दिवसातून अनेकदा बघा. नख दाबून सोडलं की पांढरं होऊन दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी, थंड, सुजलेली दिसली किंवा प्लास्टरच्या आत गेल्यासारखी दिसली तर प्लास्टर सरकलंय, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पावसाळ्यात प्लास्टर भिजू देऊ नका, बाळाला ओल्या फडक्याने पुसून घ्या.

खरी कसोटी पुढे आहे. शेवटचं प्लास्टर निघालं की पाऊल अगदी सरळ दिसतं आणि घरच्यांना वाटतं, झालं. झालेलं नसतं. मधे पट्टी असलेले दोन बूट पहिले तीन महिने दिवसातून २३ तास, आणि नंतर चार ते पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत घालावे लागतात. पाऊल पुन्हा वाकतं ते बहुतेक वेळा हे बूट सोडल्यामुळे. बाळ पहिले तीन-चार दिवस रडतं, दोन्ही पाय एकत्र हलवायला शिकलं की शांत होतं. मोजे सुती आणि सुरकुतीविना घाला. प्रत्येक बुटावरचा मधला पट्टा सगळ्यांत आधी घट्ट करा, म्हणजे टाच मागे टेकलेली राहते. टाचेवर फोड आला तर बूट सैल आहेत, हे पुष्कळांना उलटं वाटतं. सैल बुटात टाच घसरते आणि घासून फोड येतो.

जूनमधले बूट

शाळा जूनच्या मध्याला उघडते, त्यामुळे मेच्या शेवटी दादरच्या रानडे रोडपासून ठाण्याच्या बाजारापर्यंत सगळीकडे काळ्या बुटांची आणि पीटीच्या पांढऱ्या बुटांची गर्दी असते. ‘वर्षभर पुरतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेतले जातात. त्यात पाऊल पुढे-मागे सरकतं, बोटं आवळून धरावी लागतात, टाचेला फोड येतो. मग पुढच्या मार्चपर्यंत तेच बूट लहान झालेले असतात आणि अंगठ्याचं नख मांसात रुतायला लागतं.

पाऊल घरीच मोजा, संध्याकाळी, कारण दिवसभरात ते थोडं फुगतं. कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा, मुलाला मोजे घालून टाच भिंतीला टेकवून उभं करा. बसवून मोजू नका, भार पडला की पाऊल लांब होतं. सगळ्यांत पुढे आलेल्या बोटापाशी खूण करा, ते बोट अंगठाच असेल असं नाही. दोन्ही पावलं मोजा आणि मोठ्या पावलाचं माप धरा. त्यात एक ते सव्वा सेंटिमीटर मिळवा, तेवढी बुटाची आतली लांबी हवी. नंबरावर विसंबू नका, एका कंपनीचा तीन नंबर दुसऱ्या कंपनीचा चार असू शकतो. दुकानात बुटातली आतली गादी बाहेर काढा आणि मुलाला तिच्यावर उभं करा. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा दिसायला हवी आणि पाऊल बाजूंनी गादीबाहेर जाता कामा नये. ‘अंगठा लागतोय का’ म्हणून वरून दाबून बघण्यापेक्षा ही रीत कितीतरी खात्रीची, कारण वरून दाबलं की मुलं बोटं आत ओढून घेतात.

बूट हातात घेऊन वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध घडी पडता कामा नये. टाचेचा मागचा भाग दाबला तर चेपू नये. लेस किंवा चिकटपट्टी हवी, नुसते पाय सरकवायचे बूट शाळेसाठी नकोत. मोठ्या भावंडाचे जुने बूट लहानाला देताना तळ बघा. टाच एका बाजूने घासलेली असेल तर देऊ नका, ते त्याच्या चालीला वळलेले असतात. तीन वर्षांखालच्या मुलाचं माप दर दोन-तीन महिन्यांनी, शाळेतल्या मुलाचं वर्षातून निदान दोनदा घ्या. जूनला घेतलेले बूट दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा मोजायचे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

मऊ रबरी, भोकं असलेल्या चपला घालून मुलांना सरकत्या जिन्यावर एकटं सोडू नका. पायरी आणि बाजूची पट्टी यांच्या फटीत असली चपल सहज ओढली जाते आणि बरोबर बोटंही. स्टेशनवर, मॉलमध्ये हात धरून, पायरीच्या मधोमध उभं करा.

चार महिने ओले पाय

पावसाळ्यात मुलाचे बूट सकाळी बस येईपर्यंतच भिजतात आणि दुपारपर्यंत पाय त्याच ओलाव्यात असतात. शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, मऊ पडते, सोलते, खाज सुटते. याच त्या चिखल्या. पाय कोरडे ठेवणं हा अर्धा उपचार आहे. घरी आल्या आल्या साबणाने धुऊन प्रत्येक बेचकं फडक्याने टिपून घ्या. मग क्लोट्रिमाझोलसारखं बुरशीचं मलम दिवसातून दोनदा पातळ लावा आणि बरं दिसल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. लोक तिसऱ्या दिवशी खाज थांबली की सोडतात आणि म्हणून ते परत येतं.

एक गोष्ट अगदी ठासून सांगायची आहे. औषधाच्या दुकानातून ‘खाजेवरचं मलम’ आणाल तर ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी नाव दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. खाज एका दिवसात थांबते, पण आत बुरशी पसरत राहते, चट्ट्याचं रूप बदलतं आणि नंतर साधी औषधं लागू पडेनाशी होतात. देशभरात बुरशी इतकी चिवट झाली आहे त्याला ही मिश्र मलमं मोठं कारण आहेत. मुलाला ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका.

लहान मुलांच्या तळव्यावरची प्रत्येक साल बुरशीची नसते. चवड्याच्या आणि अंगठ्याच्या खालची कातडी लाल, गुळगुळीत चकाकणारी, बारीक भेगा पडलेली, पण बोटांची बेचकी अगदी स्वच्छ, असं दिसलं तर ते बहुधा घामाने होणारं असतं. नायलॉनचे मोजे आणि हवा न खेळणारे बूट यांत पाऊल दिवसभर भिजतं, मग बूट काढले की झपाट्याने सुकतं, आणि भेगा पडतात. इथे बुरशीचं मलम काही करत नाही. सुती मोजे, मधल्या सुट्टीत बदलायला दप्तरात एक जादा जोडी, घरी आल्यावर उघडे पाय आणि रात्री पेट्रोलियम जेलीचा हात, एवढ्याने बहुतेकांना बरं वाटतं. शंका असेल तर त्वचेचे डॉक्टर साल खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, दहा मिनिटांत उत्तर मिळतं. मोज्यांना असह्य वास आणि तळव्यावर सुईने टोचल्यासारखे खळगे असतील तर तो जिवाणूंचा प्रकार, त्याचं मलम वेगळं.

शक्य असेल तर पावसाळ्यापुरते बुटांचे दोन जोड ठेवा, म्हणजे एक वाळायला पूर्ण दिवस मिळतो. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, आतली गादी काढून पंख्याखाली टाका. शाळेने पावसाळ्यात सँडलला परवानगी दिली तर उत्तमच.

तुंबलेलं पाणी ही वेगळी बाब. त्यात उंदीर-गुरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायावरच्या साध्या ओरखड्यातून लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने ते भोगलं आहे. मूल अशा पाण्यातून चालून आलं असेल तर पाय साबणाने धुवा, जखमा शोधा, आणि २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा. प्रतिबंधक गोळी द्यायची का, कोणती आणि किती, हे वयावर ठरतं. आठ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. पुढच्या पंधरवड्यात ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आठवणीने सांगा.

टाच, घोटा आणि चाक

आठ ते तेरा वर्षांचं मूल खेळून आलं की टाच दुखते म्हणतं, सकाळी लंगडतं, मग दुपारी पुन्हा खेळायला जातं. टाचेचं हाड या वयात दोन भागांत असतं, मधे मऊ कूर्चेचा थर. पोटरीची शीर या मागच्या तुकड्याला ओढते, खाली सिमेंटचं किंवा टर्फचं कठीण मैदान आदळतं, आणि तो थर दुखावतो. टाचेच्या दोन्ही बाजू अंगठा आणि बोटाने एकाच वेळी दाबल्या की मूल ‘आई गं’ म्हणून पाय ओढून घेतं, हीच परीक्षा. इथे प्लास्टर, इंजेक्शन काही लागत नाही. दोन-तीन आठवडे उड्या आणि धावणं कमी करा, खेळून आल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा, दोन्ही बुटांत टाचेखाली मऊ उशी घाला, एकाच बुटात नको. भिंतीला हात टेकवून, मागची टाच जमिनीला चिकटवून पोटरीला अर्धा मिनिट ताण, तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. स्पाइक असलेले पातळ तळाचे बूट तोवर बंद. पाऊल वाढून तो थर जुळला की दुखणं कायमचं संपतं, पण तोवर मधे मधे डोकं वर काढतं. रात्री झोपेतून उठवणारं टाचेचं दुखणं मात्र या प्रकारात बसत नाही, ते दाखवा.

घोटा मुरगळला तर मोठ्यांचा नियम मुलांना लावू नका. मोठ्या माणसाचे बंध ताणले जातात. मुलाच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा थर असतो आणि तो बंधांपेक्षा नाजूक, त्यामुळे कधी कधी तोच निखळू शकतो. बाहेरच्या घोट्याच्या हाडावर बोट दाबल्यावर दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. तेल लावून चोळणं, ‘बसवून घेणं’, गरम शेक यांतलं काहीही पहिल्या दोन दिवसांत करू नका. उशीवर पाय उंच, बर्फ, आणि भार नको.

मुंबईत आणि सगळ्याच शहरांत दिसणारी एक वाईट इजा म्हणजे सायकलच्या किंवा मोटरसायकलच्या मागच्या चाकात पाऊल अडकणं. मागे आडवं बसलेलं किंवा पेंगुळलेलं मूल पाय आत सोडतं आणि तारा टाच चिरडतात. पाय ओढून काढू नका, चाक थांबवून उलटं फिरवा, गरज पडली तर तार कापा. वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने बांधा, हळद, टूथपेस्ट, कॉफी काही भरू नका. पहिल्या दिवशी कातडी फक्त खरचटलेली दिसते, पण चिरडलेली असते आणि तीन-चार दिवसांत काळी पडून मरू शकते. म्हणून जखम किरकोळ वाटली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणि दोन दिवसांनी पुन्हा. मोटरसायकलला साडी-गार्ड आणि पाय ठेवायची पट्टी नसेल तर मुलाला मागे बसवू नका.

खिळा बुटातून आरपार गेला असेल तर धनुर्वाताच्या लशीची नोंद बघा. पाचव्या-सहाव्या वर्षाचा डोस आणि दहाव्या व सोळाव्या वर्षाचा टीडी अनेकदा राहून जातो. चार-पाच दिवसांनी तळवा पुन्हा सुजला, दुखला तर हाडापर्यंत जंतू गेलेले असू शकतात.

नखांचं थोडक्यात: सरळ रेषेत कापा, कोपरे गोल खोलवर घेऊ नका. रुतलेल्या नखासाठी कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पू दिसला तर डॉक्टर. तळव्यावरचा कडक गोळा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखतो आणि आत काळे ठिपके दिसतात तर ती चामखीळ, सरळ दाबल्यावर दुखतो तर कुरूप. ब्लेडने कोरू नका.

आणि तान्ह्या बाळासाठी एक. बाळ थांबतच नाहीये, पोट भरलेलं, लंगोट कोरडा, तरी रडतंय, तेव्हा मोजे काढून दहाही बोटं एकेक करून बघा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, एखादा केस किंवा मोज्यातला धागा बोटाभोवती गुंडाळला जातो आणि बोट लाल, सुजलेलं, मग निळं होतं. कातडीत रुतलेला केस दिसतही नाही. दिसला आणि सहज निघाला तर काढा, नाहीतर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जा.

लंगडणारं मूल, आणि कुठे जायचं

मूल लंगडतंय आणि ताप आहे, किंवा पाय अजिबात टेकवत नाही, तर ते त्याच दिवशीचं काम. पाऊल दुखतंय असं मूल सांगत असलं तरी दोष खुब्याच्या सांध्यात असू शकतो, आणि त्या सांध्यात पू झाला तर तासांचा हिशेब असतो. दोन्ही पाय संध्याकाळी दुखतात, चेपले की बरं वाटतं, सकाळी उठून मूल उड्या मारतं, हे वाढीच्या वयातलं साधं दुखणं. एकच पाय, सकाळचा ताठरपणा, सूज, वजन कमी होणं, हे तसं नाही.

मुंबईत परळचं वाडिया बाल रुग्णालय, केईएम, सायन आणि नायर या रुग्णालयांत मुलांच्या हाडांसाठी तपासणी होते. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत तपासणीबरोबर आधाराची साधनंही बनवतात. क्लबफूटचा समावेश केंद्राच्या २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे, त्यामुळे सरकारी किंवा पालिका रुग्णालयात केसपेपर काढताना त्याची चौकशी करा.

जाताना मुलाचे सगळ्यांत जुने, घासलेले बूट पिशवीत घाला. तळ कुठे झिजलाय हे डॉक्टरांना फार काही सांगतं. मोबाइलवर दोन छोटे व्हिडिओ काढून न्या, मूल अनवाणी तुमच्याकडे चालत येताना आणि तुमच्यापासून दूर जाताना, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरून, चड्डी घातलेली असताना. दवाखान्यात मूल लाजतं, आईच्या मागे लपतं, आणि तपासणीच्या त्या पाच मिनिटांत घरच्यासारखं चालतच नाही.